मामा शिकाऊ होते तेव्हा

माझ्या मामांच्या खिशावर एके काळी 'शिकाऊ' असा बिल्ला होता. तेव्हा त्यांचे केस पार पिकले होते, समोरचे दोन दात पडले होते आणि आमच्या भागातली निम्मीअधिक कुलपं कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेली होती. बिल्ल्यावर शिकाऊ माणसाच्या नावाखाली त्याच्या उस्तादाचं नाव लिहायचा नियम होता. मामांच्या नावाखाली माझं नाव होतं. मी त्यांची सख्खी भाची, आणि किल्ली घासायला शिकले तीही त्यांच्याच दुकानात.

हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करतेय. थट्टा होतीच, पहिले काही महिने तर आम्ही दोघं तिच्यावरच जगलो. पण पुढे ती थट्टा राहिली नाही, आणि आज मामा नाहीत तेव्हा मला आठवतं ते हे पुढचंच.

दुकान म्हणजे दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची एक फट होती. एक जण बसला की दुसऱ्याने उभंच राहायचं. तिन्ही भिंतींवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, आणि बाहेरून जड गाडी गेली की सगळ्या एकदम किणकिणायच्या. मग मामा मान वर करून म्हणायचे, "हं, ऐकलं, ऐकलं." टेबलाच्या कडेला मामांच्या कोपराने पडलेला खळगा होता. मागे एक पडदा, पडद्यामागे चहाची शेगडी, आणि शेगडीच्या पलीकडे मागच्या बोळात उघडणारं एक छोटं दार. एक स्टूल होतं, त्याचा एक पाय आखूड. ते शिकणाऱ्याचं स्टूल. त्यावर तोल सांभाळून बसता आलं की हात आपोआप स्थिर होतो असं मामांचं म्हणणं. मला विचाराल तर त्यांना पाय दुरुस्त करायचा कंटाळा होता.

मी तिथे आले ती कापडाच्या दुकानातली नोकरी सुटल्यावर. आई म्हणाली, दुसरं काही मिळेपर्यंत मामाकडे बस. बसले ती बसलेच. मामा बोलघेवडे. कुलपाशीसुद्धा बोलायचे. "काय बाई, का रुसलीस? कोणी चुकीची किल्ली घातली का?" असं म्हणत तार आत सरकवायची. कुलूप हट्टी निघालं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. गिऱ्हाईक हसून हसून बेजार व्हायचं आणि आपण बाहेर अडकलोय हे विसरायचं. शिवाय स्वतःची तारीफ करायला मामांना दुसऱ्या कोणाची गरज लागत नसे. "हे कुलूप उघडणारा माणूस या शहरात एकच," ते म्हणायचे, आणि मग नम्रपणाचा आव आणून खाली बघायचे.

पण कुलूप उघडल्याचा तो बारीक आवाज आला की हाच माणूस मुका व्हायचा. हत्यारं कापडात गुंडाळायची, दोन पावलं मागे यायचं आणि दाराकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभं राहायचं. दार ढकलायचं नाही, मूठ फिरवायची नाही, ते ज्याचं घर त्याने करायचं. माणूस आत गेला, दिवा लावला, पुन्हा बाहेर येऊन "या" म्हणाला, तरच वळायचं.

मला त्यांनी पहिली शिकवली ती ही गोष्ट. कानस हातात द्यायच्याही आधी. मागच्या बोळातल्या दाराला कुलूप घालून मला ते त्याच्याच किल्लीने उघडायला लावायचे, मग मागे यायला लावायचे, मग वळायला. उघड, मागे ये, वळ. शेजारचा घड्याळजी आपल्या खिडकीतून डोकावून म्हणाला होता, "कुलपं शिकवताय की नाच?" मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं. मी रागाने मामांना विचारलं की यात शिकण्यासारखं आहे तरी काय. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या उस्तादाची गोष्ट सांगितली.

मामांचा उस्ताद, हे दुकान आधी त्याचंच, फार कमी बोलायचा. मामा म्हणायचे, त्याचं राहिलेलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं. त्या भागात एक म्हातारे मास्तर राहायचे. मामांनाही त्यांनीच शिकवलेलं. रोज इस्त्रीचा कोट, चकचकीत बूट, हातात काठी, आणि सगळी गल्ली त्यांना वाकून असायची. एकदा त्यांची किल्ली हरवली. उस्तादाने मामांना एकट्याने पाठवलं. मामांचं आयुष्यातलं पहिलं कुलूप, उस्ताद बघायला नसताना उघडलेलं. ते उघडलं आणि आनंदाच्या भरात मामांनी दार सताड ढकललं.

आत काही नव्हतं. खोलीत एक चटई, एक शेगडी, दोरीवर एक सदरा. खुर्ची नाही, कपाट नाही, मास्तरांच्या घरी असतील असं सगळ्यांनी धरून चाललेलं एक पुस्तकही नाही. मास्तर मामांच्या मागेच उभे होते. ते "आभारी आहे" म्हणाले, आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यानंतर मामा रस्त्यात दिसले की मास्तर पलीकडच्या बाजूला जायचे. मरेपर्यंत.

उस्तादाला कळलं तेव्हा तो ओरडला नाही. त्याने मामांच्या हातातली हत्यारं काढून घेतली आणि महिनाभर दिली नाहीत. झाडू मार, चहा कर, आणि उरलेला वेळ त्या आखूड पायाच्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बस. एवढंच म्हणाला होता, "आपण कुलूप उघडतो. घर ज्याचं त्याने उघडायचं."

ही गोष्ट ऐकल्यावर मी नाचाची तक्रार पुन्हा केली नाही.

पुढे मामांच्याच हट्टाने मी तंत्रशाळेच्या संध्याकाळच्या वर्गाला गेले. गाड्यांची कुलपं, कार्डाने उघडणारी, आकडे दाबून उघडणारी, हे सगळं मामांच्या डोक्यावरून जायचं आणि त्यांना ते कबूल करायचं नव्हतं. "तू शिकून ठेव, मला वेळ नाही," असं म्हणाले. मी परीक्षा दिली, परवाना मिळवला. तेव्हा परवाना म्हणजे भिंतीवर लावायची एक शोभेची वस्तू होती.

मग नियम आला. ज्याच्याकडे परवाना नाही त्याने दुसऱ्याचं कुलूप उघडायचं नाही, दुकानात बसून किल्लीसुद्धा घासायची नाही. जुन्या लोकांना सवलत होती, पण त्यासाठी ज्याच्या हाताखाली काम शिकलात त्याचं सहीचं पत्र हवं. मामा तडक कचेरीत गेले. कारकुनाने पत्र मागितलं. मामा म्हणाले, माझा उस्ताद जाऊन जमाना झाला, सही आणायला वर जाऊ का? कारकून हसला, चहा पाजला, आणि म्हणाला, दुसरा उस्ताद शोधा. एक वर्ष शिकाऊ म्हणून नाव नोंदवा, त्याच्या हाताखाली काम करा, मग परीक्षा द्या. परीक्षेला दोनदाच बसता येईल. दुसऱ्यांदा नापास झालात तर नाव कायमचं कमी होतं.

मामा घरी आले ते तोंड पाडून. मामीने विचारलं, काय झालं? म्हणाले, "मला शाळेत घालताहेत." मामी आधी हसली आणि मग त्यांचा चेहरा बघून गप्प झाली. कारण आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, या माणसाला दुसरं काहीही येत नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा घरात बिजागऱ्यांना तेल घालत हिंडायचे. कुलपं काढून घेतली तर त्यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. पोटाचा नव्हता, दुकान माझ्या परवान्यावर चाललं असतं. प्रश्न मामांचा होता.

आमच्या भागात परवाना असलेली माणसं मोजकीच. त्यातल्या एकाच्याही हाताखाली जायला मामा तयार नव्हते. एकाला ते 'पत्रेवाला' म्हणायचे, दुसऱ्याला 'दारफोड्या'. शेवटी जेवता जेवता माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्याकडे जागा आहे का एखादी?"

मी म्हटलं, "स्टूल रिकामं आहे."

झालं. दुसऱ्या दिवशी मामा बिल्ला लावून, दाढी करून, दुकान उघडायच्या आधी हजर. मी आल्यावर उभे राहिले. मी म्हटलं, बसा हो मामा. तर म्हणाले, उस्ताद बसल्याशिवाय कसा बसू? मी म्हटलं, मग झाडू मारा. मी चेष्टेत म्हटलं होतं, पण त्यांनी खरंच झाडू घेतला आणि टेबलाखालचा पितळेचा सगळा भुसा काढला. माझ्या आठवणीत तो तिथून पहिल्यांदाच निघाला असेल. घड्याळजीला तर रोजची करमणूक झाली. तो दर सकाळी खिडकीतून विचारायचा, "काय, नवीन पोरगं कसं आहे?" मी म्हणायचे, तोंडाळ आहे, पण शिकेल.

आणि ते शिकले. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण लोकांना वाटतं ते वर्ष नुसतं नाटक होतं. कार्डाच्या कुलपातले ते इवलेसे स्क्रू मामांच्या बोटांना सापडायचे नाहीत. हात थरथरायला लागला होता, हे मी तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. चिमटा फेकून द्यायचे, म्हणायचे, हे कुलूप नाहीच, हा रेडिओ आहे. मी चिमटा उचलून पुन्हा हातात द्यायचे. मला शिकवताना त्यांनी माझ्यापुढे किती वेळा कानस परत ठेवली होती, ते मला आठवायचं. बहुतेक त्यांनाही आठवत असावं, कारण ते माझ्यावर कधी चिडले नाहीत. कुलपावर चिडायचे.

नव्या नियमात आणखी एक कलम होतं. दार उघडण्याआधी माणसाची ओळख पटवून घ्यायची, कागद बघायचा. मामांना हा सरळसरळ अपमान वाटायचा, गिऱ्हाइकाचा आणि स्वतःच्या नजरेचाही. चेहरा बघून मला कळतं, असं ते म्हणायचे. मी म्हटलं, परीक्षेत चेहऱ्याला गुण नाहीत. मग एकदा घड्याळजीचंच दुकान अडकलं. मामा तारा घेऊन गेले, आणि ज्याच्याबरोबर उभा जन्म चहा प्यायले त्या माणसाला म्हणाले, "आधी कागद दाखवा. हे दुकान तुमचं कशावरून?" घड्याळजी म्हणाला, कागद आत आहे. मामा म्हणाले, मग आपण कोण ते आधी ठरवा, मी बसतो. दोघं पायरीवर बसून राहिले. शेवटी मी जाऊन साक्ष दिली तेव्हा दुकान उघडलं.

संध्याकाळी दुकान आवरलं की मी पुस्तकातले प्रश्न विचारायचे. कुलपाचे प्रकार सांगा. मामा म्हणायचे, दोन, उघडणारी आणि माज असलेली. मामी डबा घेऊन आलेली असायची. ती पडद्याजवळ बसून पुस्तकातली खरी उत्तरं हळूच सांगायची, कारण ऐकून ऐकून तिला सगळी पाठ झाली होती. बाहेरून गाडी जायची, किल्ल्या किणकिणायच्या, मामा "ऐकलं, ऐकलं" म्हणायचे. एवढं सुख मला पुन्हा कुठे मिळालेलं नाही. तेव्हा वाटायचं, परीक्षेची कटकट एकदाची संपावी. आता वाटतं, ती संपली नसती तर बरं झालं असतं.

परीक्षेच्या दिवशी उस्तादाला मागच्या बाकावर बसायची परवानगी होती. बोलायची नव्हती. लेखी परीक्षा मामांनी आधीच कशीबशी पार केली होती. एका मोठ्या दालनात टेबलं मांडलेली, आणि मधोमध चौकटीत बसवलेलं एक दार उभं होतं. अलीकडे जमीन, पलीकडे जमीन. कोणीही दाराला वळसा घालून पलीकडे जाऊ शकला असता. परीक्षक बाई मध्यम वयाच्या, शांत. त्यांनी मामांना खुर्ची हवी का विचारलं. मामांनी टेबलावरची कुलपं सहज उघडली. कार्डाच्या कुलपाशी जरा घाम फुटला, पण तेही जमलं. कोऱ्या किल्लीला मेणबत्तीची काजळी धरून, कुलपात फिरवून, जिथे ठसा उमटला तिथे घासत घासत किल्ली बनवली, तेव्हा शेजारची तरुण पोरं आपलं काम थांबवून बघत होती. मामांनाही ते कळलं होतं. त्यांनी खाली बघितलं.

शेवटचं काम दाराचं. मामा दाराशी गेले, बाईंकडे कागद मागितला, बाईंनी मान डोलावून तो दाखवला. तार आत गेली. तो बारीक आवाज मला मागच्या बाकावर ऐकू आला. मामांनी हत्यारं गुंडाळली, दोन पावलं मागे आले आणि दाराकडे पाठ करून भिंतीकडे बघत उभे राहिले.

बाई थांबल्या. मामाही थांबले. बाईंना वाटलं, म्हातारा दमला असेल. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, झालं का? मामा म्हणाले, झालं. बाई म्हणाल्या, मग दार? मामा म्हणाले, दार तुमचं. बाईंना काही उमगलं नाही. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, पुन्हा वाट बघितली. ढकला, मामा, ढकला, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. मामा भिंत बघत होते. वेळ संपली. बाईंनी लिहिलं, 'दार उघडले नाही.'

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच भांडले. त्या दारामागे काही नव्हतं, दोन्ही बाजूंनी भिंत दिसत होती, आंधळ्यालाही कळलं असतं की ते नाटकातलं दार आहे. मामांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मला कळलं होतं गं. पण पाय वळले."

मी बाईंना जाऊन भेटले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, मला हे पटतं आणि आवडतंही. पण कुलूप फिरलं आणि आतली कडी अडकून राहिली, असं होतं की नाही? दार हललेलं दिसल्याशिवाय मी गुण कसे देऊ? त्यांचं बरोबर होतं. मामांना सांगितलं तर तेही म्हणाले, बाईंचं चूक नाही. आता एकच संधी उरली होती. ती गेली की मामांनी जन्मात कुलपाला हात लावायचा नाही.

मग मी एक काम केलं, जे आठवायला अजून नको वाटतं. मी मामांना मागच्या बोळातल्या त्याच दाराशी नेलं आणि ढकलायला शिकवलं. उघडा, पुढे व्हा, ढकला. उघडायचे आणि वळायचे. पुन्हा. उघडायचे, हात पुढे करायचे आणि हात हवेतच राहायचा. एकदा त्यांनी कोपराने ढकललं, तोंड दुसरीकडे करून, चुकून धक्का लागल्यासारखं. घड्याळजी खिडकीत होता. या वेळी त्याने खिडकी लावून घेतली. मामी म्हणाली, राहू दे गं, नको तो परवाना. मामाच म्हणाले, नाही, करतो. मला घरी बसवू नका.

दुसऱ्या परीक्षेला तेच दालन, तेच दार, त्याच बाई. मामांनी कुलूप उघडलं आणि हत्यारं न गुंडाळता तसेच उभे राहिले. मग मागे वळून त्यांनी बाकावर मला शोधलं. शिकणारं माणूस विचारतं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मामांनी डोळे मिटले आणि दार ढकललं. ते सताड उघडून चौकटीवर आपटलं. बाईंनी हसून खूण केली.

परवाना आला. मामीने तो माझ्या परवान्याशेजारी टांगला, घड्याळजीने चहा पाजला, मामा सगळ्यांशी दोन शब्द बोलले. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात आले तर झाडू मारून झाला होता. शेगडीवर चहा होता. मामा आखूड पायाच्या स्टुलावर, हात मांडीवर. बिल्ला काढलेला होता. एक गिऱ्हाईक किल्ली घेऊन आलं, तेव्हा मामांनी ती न घेता माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, आता तुम्ही घासा की, परवाना आहे. मामा म्हणाले, "महिनाभर नाही."

मला क्षणभर कळलं नाही, मग मास्तरांचं दार आठवलं. गिऱ्हाईक बिचारं किल्ली धरून उभं. मी सांगून पाहिलं की हे परीक्षेतलं दार होतं, सगळ्यांना माहीत होतं, उस्ताद आज असते तर त्यांनीही समजून घेतलं असतं. मामा म्हणाले, नसतं घेतलं. घड्याळजीने तोडगा काढला. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, कागदावर त्याची उस्ताद तू आहेस. उस्तादच शिक्षा देतो, उस्तादच माफ करतो. जा, माफ कर आणि मोकळी हो.

मला ते पटलं. मी पडद्याआड गेले. मामा कप विसळत होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांना समजलं असावं. ते म्हणाले, "तू माफ केलंस तर मला ऐकावं लागेल. तू उस्ताद आहेस माझी. म्हणून आधीच सांगतो, करू नकोस."

मी कप पुसायचं फडकं हातात घेऊन उभी राहिले. वर्षभर आम्ही ज्या शब्दावर हसलो होतो तो त्यांनी या वेळी हसत म्हटला नव्हता. मी माफ केलं असतं तर त्याचा अर्थ एवढाच होता की मी ही सगळी थट्टा समजत होते, आणि त्यांच्या उस्तादाची गोष्टही. मी म्हटलं, "बरं. महिना." आणि बाहेर येऊन ती किल्ली घासली. डोळ्यांत पाणी होतं, ती वाकडी घासली गेली, दुसरी घ्यावी लागली.

तो महिना काढणं सोपं नव्हतं. येणारे-जाणारे मला बोल लावायचे, म्हाताऱ्या मामाला चहा करायला बसवलंय, परवान्याचा भाचीला माज आलाय. मामी माझ्याशी धड बोलत नव्हती. मामा मात्र खुशीत होते असं नाही, पण निवांत होते. गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे, किल्ल्यांना "ऐकलं, ऐकलं" म्हणायचे. फक्त मी कानस चालवायला लागले की मांडीवरची त्यांची बोटं हलायची, माझ्या हाताबरोबर, पुढे-मागे. माझं लक्ष नाही असं मी दाखवायचे.

महिना झाला त्या सकाळी मी त्यांची हत्यारं कापडात गुंडाळून तयार ठेवली. ते आले तसं ते गाठोडं त्यांच्या हातात दिलं. मला वाटलं होतं काहीतरी चुरचुरीत बोलतील. ते नुसतं कापड चाचपून बघत राहिले.

त्या दिवशी पहिलं बोलावणं मागच्या गल्लीतून आलं. एक बाई बाजारातून आली होती, किल्ली आत राहिलेली. मी मामांबरोबर गेले, पिशव्या सांभाळायला म्हणून. मामांनी कागद बघितला, कुलपाशी दोन शब्द बोलले, ते रुसलं होतं म्हणाले. मग तो बारीक आवाज आला. मामांनी हत्यारं गुंडाळली, मागे आले आणि वळले. मीही वळले. आम्ही दोघं शेजारी शेजारी रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो. मागे दार करकरलं, बाई आत गेली, पिशव्या ठेवल्याचा आवाज आला. रस्त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, एक सायकल भिंतीला टेकवलेली होती.

मामांनी माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "उस्ताद, बरोबर?"

मी म्हटलं, "बरोबर."

त्यानंतर मामा बरीच वर्षं त्या दुकानात बसले, शेवटच्या आजारापर्यंत. मी त्यांना पुन्हा मामाच म्हटलं, आणि तेही पुन्हा मला दुकानात सगळ्यांसमोर वेंधळी म्हणायला लागले. आता दुकान माझं आहे. शिकायला येणाऱ्याला मी आधी मागच्या दाराशी नेते, आणि परीक्षेच्या दिवशी दार ढकलायचं असतं हेही सांगून ठेवते. स्टुलाचा पाय अजून आखूड आहे.

कुलूप उघडलं की मी वळते आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहते. दारं अरुंद असतात, उंबऱ्याशी जागा थोडी असते, तरी मी जरा बाजूला सरकून उभी राहते. शेजारी आणखी एक माणूस मावेल एवढी जागा सोडते.